हुकूम आणि हुकूमनामा : लष्करी न्यायविचारातील एका जुन्या प्रश्नासंबंधी

लालबाग-परळच्या बोलीत 'फौजदार' म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. गिरगावातील जुन्या चाळींतून अजूनही हा शब्द ह्याच अर्थाने ऐकू येतो. मोगल अमदानीतला फौजदार मात्र सैन्याचा अधिकारी होता. सरकार नावाच्या प्रांतविभागात फौज बाळगून बंडाळी मोडणे आणि रस्ते निर्धोक ठेवणे हे त्याचे काम. ह्या अधिकाऱ्याच्या नावावरून 'फौजदारी' हा शब्द सिद्ध झाला आणि आज आपण खून, चोरी, मारामारी ह्यांच्या खटल्यांना फौजदारी खटले म्हणतो. म्हणजे नागरिकाच्या अपराधाचा न्याय ज्या नावाने आपण ओळखतो ते नाव छावणीतून आलेले आहे. नागरी न्याय पुढे छावणीतून बाहेर पडला. शिपायाचा न्याय मात्र बराचसा छावणीतच राहिला. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा न्याय होय.

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गापुढे अरबी-फारसी शब्दांच्या अर्थांतराचा विचार चालला असता एका विद्यार्थिनीने विचारले की, हे सगळे शब्द ज्या विद्येतून आले, त्या विद्येचा आजच्या न्यायसुधारणेला काही उपयोग आहे की ती केवळ कोशकारांची सामग्री आहे? प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर मला त्या तासाला देता आले नाही. ह्या विषयावरचे लिखाण चाळू लागलो तेव्हा त्यात दोन टोके आढळली. एका पक्षाला अभिजात इस्लामी विधिविचार म्हणजे हात तोडणे आणि फटके मारणे एवढेच दिसते. दुसऱ्या पक्षाला त्याच ग्रंथांत आधुनिक न्यायप्रक्रिया जशीच्या तशी, फक्त अरबी पोशाखात, उभी असल्याचा भास होतो. पहिला पक्ष ग्रंथ उघडत नाही आणि दुसरा उघडतो, पण आधीच ठरविलेले पान वाचण्यासाठी. माझ्या मते ह्या परंपरेकडून घेण्यासारखा मुख्य भाग शिक्षांच्या यादीत नाही. तो एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न मराठीतल्या एका शब्दात दडलेला आहे.

तो शब्द 'हुकूम'. अरबीतील ह-क-म ह्या धातूपासून निघालेल्या 'हुक्म'चा अर्थ आज्ञा असाही होतो आणि न्यायनिर्णय असाही होतो. 'हाकीम' म्हणजे शासकही आणि न्यायाधीशही. मराठीने 'हुकूम' आज्ञेच्या अर्थाने घेतला. पण निर्णयाचा अर्थ अगदीच टाकून दिला असे नाही. दिवाणी न्यायालयाच्या निर्णयान्ती जो लेख तयार होतो त्याला आपण 'हुकूमनामा' म्हणतो. भाषेला हे द्व्यर्थित्व सोसते. पण ज्याने हुकूम दिला त्यानेच तो मोडल्याच्या आरोपाचा निवाडा करावा काय, हे ठरविण्याची वेळ आली की मग तो नुसता भाषेचा प्रश्न राहत नाही.

मुंबईने ह्या प्रश्नाचे एक रूप डोळ्यांनी पाहिलेले आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्यातील 'तलवार' ह्या नौदलाच्या संदेशविद्यालयात कमांडर किंग ह्याच्या शिवीगाळीविरुद्ध खलाशांनी रीतसर तक्रारी गुदरल्या. त्या तक्रारी फिरून त्याच्याचपुढे आल्या, आणि खोट्या तक्रारीचे परिणाम काय होतात ह्याची समज तक्रारदारांनाच मिळाली. १८ फेब्रुवारीच्या सकाळी खलाशांनी अन्न नाकारले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. सुमारे वीस हजार खलाशी संपात उतरले, २२ तारखेला गिरण्यांच्या वस्तीत संप आणि गोळीबार झाला, परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. पुढे न्यायमूर्ती सय्यद फझल अली ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. ह्या उठावाची राजकीय कारणे होतीच आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी वातावरण तापलेले होते, हे मी नाकारीत नाही. इतिहासकारांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. तक्रार आणि अन्न ह्या दोन साध्या गोष्टींकडे मात्र, त्या फार घरगुती वाटल्यामुळे असेल, पुरेसे लक्ष गेलेले नाही. वरिष्ठाविरुद्धचे गाऱ्हाणे त्याच वरिष्ठाच्या पुढ्यात येऊन पडते आणि तिथेच विझते, ही व्यवस्थेची गोष्ट आहे; एका तापट अधिकाऱ्याच्या स्वभावाची नव्हे.

आता आठव्या शतकाकडे वळू. इ. स. ७७४ मध्ये मृत्यू पावलेला सीरियाचा विधिज्ञ अल्-औझाई आणि त्याच्या सात वर्षे आधी निवर्तलेला इराकचा अबू हनीफा ह्यांच्यात युद्धविषयक नियमांवर अनेक मतभेद होते. अबू हनीफाचा शिष्य अबू यूसुफ ह्याने त्या मतभेदांवर औझाईच्या खंडनार्थ एक ग्रंथ रचला. (हा ग्रंथ विसाव्या शतकात प्रथम छापून निघाला तो दक्षिण हैदराबादच्या एका विद्वन्मंडळाच्या परिश्रमाने. मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्याच्या राजधानीत हे काम चालले होते आणि आपल्या अभ्यासकांना त्याची वार्ता फारशी नव्हती, ह्याची खंत वाटते.) त्या ग्रंथात एक प्रश्न असा आहे की, सैन्य शत्रूच्या मुलखात असताना सेनापतीने आपल्या छावणीत 'हद्द', म्हणजे धर्मग्रंथाने नेमून दिलेली शिक्षा, अमलात आणावी काय? औझाईचे उत्तर असे की, ज्याला सैन्याचे अधिपत्य मिळाले त्याला तो अधिकार आहे, मग तो एखाद्या प्रांताचा सुभेदार नसला तरी चालेल. फक्त हात तोडण्याची शिक्षा सैन्य परत फिरेपर्यंत थांबवावी. अबू हनीफाचे उत्तर वेगळे आहे. तो म्हणतो, नाही. तो सेनापती सीरिया किंवा इराक ह्यांसारख्या प्रांताचा शासकही असेल तरच त्याला तो अधिकार आहे.

हा मतभेद वरवर किरकोळ दिसतो. बहुतेक लेखक त्यातील हात तोडण्याच्या मुद्द्यावर थबकतात आणि दया की कठोरता ह्याची चर्चा करतात. परंतु वादाचे मर्म शिक्षेत नसून अधिकाराच्या उगमात आहे. औझाईच्या मते सेनापतित्व मिळाले की न्यायाधिकार त्याच्याबरोबर आपोआप येतो. अबू हनीफाच्या मते नुसत्या सेनापतित्वातून न्यायाधिकार निघत नाही. तो दुसऱ्या ठिकाणाहून, प्रदेशाच्या शासनाधिकारातून, यावा लागतो. हुकूम देण्याचा अधिकार आणि हुकूमनामा काढण्याचा अधिकार ही एकाच खिशातली दोन नाणी नव्हेत, असे तो म्हणतो. अबू हनीफाने आजच्या अर्थाने न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य मांडले असे मी म्हणत नाही. त्याचा प्रांताधिपती हाही शासकच होता. मात्र प्रश्न त्याने नेमका पकडला होता.

पुढील शतकांत ह्या प्रश्नाला संस्थेचे रूप आले. सैन्याबरोबर स्वतंत्र काझी असे. अय्यूबी आणि मामलूक राज्यांत 'काझी अल्-अस्कर' हे पद होते. ओस्मानी तुर्कांनी चौदाव्या शतकात ते स्वीकारले, आणि मोगलांच्या छावणीतही काझी असे. तुर्कांकडे हा छावणीचा काझी वाढत वाढत साम्राज्यातल्या नागरी काझींच्या नेमणुका करणारा श्रेष्ठ अधिकारी झाला. आपल्याकडच्या फौजदाराचे जे झाले त्याच्याशी ह्याचे साम्य पाहण्यासारखे आहे.

ह्याहून अधिक विचार करण्याजोगी संस्था 'मजालिम' ही होय. हा शब्द ज्या धातूपासून निघाला त्याच धातूपासून आपला 'जुलूम' निघाला. अरबी कोशकार त्या धातूचा मूलार्थ सांगतात तो असा, की वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्या जागी ठेवणे. मजालिम म्हणजे अशा अन्यायांची दाद लावण्याचे पीठ. इ. स. १०५८ मध्ये निवर्तलेल्या अल्-मावर्दीने राज्यशासनावरील आपल्या ग्रंथात ह्या पीठाची कामे क्रमाने दिली आहेत. पहिले काम प्रजेवर अधिकाऱ्यांनी केलेला जुलूम. मग करवसुलीतला अन्याय, मग दप्तरातील कारकुनांची देखरेख. चौथे काम वेतनभोगी लोकांचे, त्यांत मुख्यतः शिपाई आले. त्यांचे वेतन कमी मिळाले किंवा थकले तर त्यांची तक्रार ऐकणे. ह्या ठिकाणी मावर्दीने जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ अन्नाचा शिधा असाही होतो आणि वेतन असाही होतो. 'तलवार'वरच्या खलाशांच्या मागण्यांत हे दोन्ही होते.

मराठी सैन्याच्या इतिहासात ह्या चौथ्या कामाची जागा कोणी घेतली? शिपायाचा रोजमुरा थकला तर तो सरदाराच्या दारात धरणे धरून बसे. धरणे हे बलवान साधन होते, ह्यात शंका नाही. परंतु ते न्यायपीठ नव्हे. ज्याच्याकडून घेणे त्याच्याच दारात बसावयाचे. दाद लागली तर त्याच्या मर्जीने किंवा त्याच्या भीतीने. शिवाजी महाराजांच्या १६७३ च्या चिपळूण छावणीच्या पत्रात रयतेला त्रास देणाऱ्या शिपायांना जो दम भरला आहे तो राज्यकर्त्याच्या न्यायबुद्धीचा उत्तम पुरावा म्हणून आपण नेहमी दाखवितो, आणि ते योग्यच आहे. पण त्या पत्रात न्याय शिपायापासून रयतेला मिळतो; शिपायाला वरिष्ठापासून न्याय कोठे मिळावा, हा त्या पत्राचा विषय नाही. राज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडिताने रचलेल्या राजव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत. शस्त्राला वर्ग आहे, चतुरंग सेनेला आहे, दुर्गाला आहे. न्यायाला स्वतंत्र वर्ग नाही. ह्यावरून फार मोठे अनुमान काढू नये, कोशाचा हेतू वेगळा होता. तरीही मराठीने 'जुलूम' ठेवून घेतला आणि 'मजालिम' मात्र घेतला नाही, ही नोंद भाषाभ्यासकाने करून ठेवावी.

आजच्या कायद्याची स्थिती काय आहे? १९५० च्या सैन्य कायद्यात शिपायाच्या गाऱ्हाण्यासाठी कलम २६ आहे. ज्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावयाची त्याच्याविरुद्धच ती असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येते, असे ते कलम सांगते. म्हणजे तक्रारीच्या बाबतीत कायद्याला तत्त्व ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ११६ खाली जे संक्षिप्त सैनिकी न्यायालय भरते त्यात कमांडिंग अधिकारी हा एकटाच न्यायालय असतो. सोबत आणखी दोघे बसतात, पण त्यांना शपथ दिली जात नाही आणि निर्णयात त्यांचा वाटा नसतो. तो अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंतची कैद देता येते, आणि ह्या शिक्षेला कोणाची पुष्टी लागत नाही. ही पद्धत १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी रूढ झालेल्या व्यवस्थेचा वारसा आहे. साम्राज्य गेले, पण वारसा राहिला. औझाईचे मत आपल्या कायद्यात इतक्या निर्भेळ स्वरूपात टिकून आहे, हे पाहून त्या सीरियन विधिज्ञाला आश्चर्यच वाटले असते.

मोठ्या सैनिकी न्यायालयांत स्थिती बरी आहे, पण तेथेही निर्णय वरिष्ठाच्या पुष्टीवाचून वैध होत नाही. लाल किल्ल्यातील खटल्यात मुंबईचे भुलाभाई देसाई ह्यांनी जो युक्तिवाद केला तो अजूनही वाचला जातो. पण शहानवाझ खान, सहगल आणि धिल्लन ह्यांची जन्मठेप टळली ती न्यायालयाने नव्हे, तर १९४६ च्या जानेवारीत पुष्टी देताना सरसेनापती ऑकिन्लेक ह्याने शिक्षा माफ केल्याने. दयाही हुकूमाच्याच हातून आली. ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९९७ साली फिंडले ह्या सैनिकाच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आला. न्यायालय बोलावणारा, त्याचे सभासद नेमणारा आणि शिक्षेला पुष्टी देणारा अधिकारी एकच असेल तर ते न्यायालय स्वतंत्र नव्हे, असे त्या न्यायालयाने ठरविले.

आपल्याकडे १९८२ साली प्रीतिपालसिंग बेदी ह्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती देसाई ह्यांनी, सैनिकी न्यायालयाच्या निर्णयावर पुराव्याचा फेरविचार करू शकणारे एकही अपील नसावे ह्या उणिवेवर कडक शब्दांत बोट ठेवले. पाच वर्षांनी रणजित ठाकूर ह्यांचा खटला आला, आणि तो वाचताना 'तलवार' आठवल्यावाचून राहत नाही. ह्या शिपायाने आपल्या अधिकाऱ्याच्या वागणुकीविरुद्ध थेट वरिष्ठांकडे दाद मागितली म्हणून त्याला २८ दिवसांची शिक्षा झाली. ती भोगीत असता, १९८५ च्या मे महिन्यात, जेवण्याचा हुकूम झाला आणि त्याने जेवण नाकारले. दुसऱ्याच दिवशी संक्षिप्त न्यायालय भरले. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्यात बसला. शिक्षा झाली एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षपाताच्या शंकेवरून आणि शिक्षेच्या अवाजवीपणावरून हा निर्णय रद्द केला. पण पुढच्याच वर्षी विद्या प्रकाश खटल्यात त्याच न्यायालयाने, कायद्यानेच कमांडिंग अधिकाऱ्याला तो अधिकार दिला असल्याने तेवढ्यावरून दोष काढता येत नाही, असे म्हटले. दोन निर्णयांतील ही ओढाताण म्हणजे अबू हनीफा आणि औझाई ह्यांचाच वाद, बाराशे वर्षांनंतर.

ह्या परंपरेचा आधार घेऊन लष्करी कायदा प्रत्यक्ष बदलल्याचे उदाहरण शेजारीच आहे, आणि ते परीक्षणास योग्य आहे. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरीअत अपील पीठाने १९८९ साली, सैनिकाला अपिलाचा हक्क नसणे इस्लामी न्यायतत्त्वांशी विसंगत आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर १९९२ मध्ये तेथील सैन्य कायद्यात अपील न्यायालयाची तरतूद आली. इथवर सर्व ठीक. पण हे अपील न्यायालय कोणाचे? सेनाप्रमुखाचे, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे. आणि त्याचा निर्णय अंतिम. म्हणजे सुधारकांनी 'अपील' हा शब्द मिळविला, पण अबू हनीफाचा प्रश्न सोडून दिला. शास्त्राचा आधार घेताना शास्त्रातले जे सोयीचे तेवढेच उचलले तर काय होते, त्याचे हे उदाहरण होय. समानार्थी दिसणारा शब्द सापडला की संकल्पनाही सापडली, अशी समजूत आमच्या भाषाशास्त्रातही पुष्कळ अनर्थ घडविते.

शब्दावर भरवसा ठेवण्याचा धोका जुन्या पंडितांनाही चुकला नाही. पंधराव्या शतकातील मिसरी इतिहासकार अल्-मक्रीझी ह्याला मामलूक लष्करी सरदारांची न्यायपीठे मुळीच पसंत नव्हती. ही पीठे धर्मशास्त्राबाहेरच्या 'सियासा' नामक अधिकाराने न्याय करीत आणि काझींचे क्षेत्र बळकावीत. मक्रीझीने सांगून टाकले की 'सियासा' हा शब्द अरबी नसून मोगोलांच्या 'यासा' ह्या कायद्याच्या नावावरून आला आहे. व्युत्पत्ती साफ चुकीची आहे. 'सियासा'चा धातू घोडे सांभाळणे, माणसाळविणे ह्या अर्थाचा आहे, आणि हिंदुस्थानीतला 'सईस' त्याच घराण्यातला. मक्रीझीची तक्रार मात्र खरी होती. चुकीच्या व्युत्पत्तीवर बरोबर तक्रार उभी केली की विरोधकाला व्युत्पत्ती पाडून तक्रारही पाडता येते.

म्हणून ह्या परंपरेच्या मर्यादा आधीच मान्य कराव्यात. मजालिमचे पीठ राज्यकर्त्याचे किंवा त्याच्या वजिराचे असे. राज्यकर्ता दुर्बळ किंवा लहरी असला की पीठही तसेच. साक्षीच्या बाबतीत गुलाम आणि बिगरमुसलमान ह्यांना समान स्थान नव्हते. सर्व धर्मांच्या सैन्यात ते अंगीकारणे अशक्य आणि अनुचित आहे. शिवाय मुंबई इलाख्यात इस्लामी दंडविधान हे सर्वांचा फौजदारी कायदा म्हणून कंपनीच्या अमलातही बंगालप्रमाणे रुजले नव्हते. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने येथे लेखी दंडविधान आणले होते. मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ फैजी ह्यांनी धर्म आणि कायदा ह्यांची फारकत करण्याचा आग्रह धरला, तो ह्या संदर्भात मला पटतो. धर्मादेश म्हणून ह्या ग्रंथांतले एकही वचन लष्करी कायद्यात आणू नये. विधिविचार म्हणून मात्र ते वाचावेत, ज्याप्रमाणे रोमन विधिविचार आपण ख्रिस्तपूर्व देवांची पूजा न करता वाचतो. आमच्या विद्यापीठांतून मात्र फारसी मोडीचे कागद वाचण्यापुरती शिकविली जाते आणि अरबी तेवढीही नाही, तेव्हा हे वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि मुंबईतही त्याचे एक पीठ आहे. सैनिकी न्यायालयाच्या निर्णयावर तेथे अपील करता येते. पीठावर न्यायाधीश आणि सेनाधिकारी दोघेही बसतात. मावर्दीने ह्याला बहुधा मजालिमच म्हटले असते. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येच्या कलमात एक अपवाद आहे. संक्षिप्त सैनिकी न्यायालयाने बडतर्फीची किंवा तीन महिन्यांहून अधिक कैदेची शिक्षा दिली असेल तरच ते प्रकरण ह्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येते. कुलाब्याच्या छावणीतील एखाद्या जवानाला त्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याने एकट्याने बसून दोन महिन्यांची कैद दिली, तर त्याला हे दार बंद आहे. त्याने वरिष्ठाकडे अर्ज करावा, किंवा वकील गाठून उच्च न्यायालयात रिट करावी. तोपर्यंत त्याचे दोन महिने भरलेले असतात.